सिकलसेल : आकार आणि चिकटपणा

आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अनेक वर्षे एक तक्ता भिंतीवर लावलेला होता. त्याच्या एका बाजूस गोल, लाल पेशी रांगेने नळीतून जात असलेल्या दाखविल्या होत्या. दुसऱ्या बाजूस विळ्याच्या आकाराच्या पेशी नळीच्या अरुंद जागी एकमेकींत अडकून रस्ता बंद करून बसल्या होत्या. सिकलसेल आजार म्हणजे काय, हे समजावून सांगताना आम्ही सर्वजण त्याच तक्त्याकडे बोट दाखवीत असू. गेल्या पावसाळ्यात तो तक्ता आम्ही उतरविला. त्यातील चित्र खोटे नव्हते, परंतु ते अर्धेच होते; आणि त्या अर्ध्या चित्रावरून घरोघरी जे निष्कर्ष काढले जात होते, त्यांचे परिणाम रुग्णांना भोगावे लागत होते.

अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावरून एक मुलगी आपल्याकडे उपचारासाठी येते. तिला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रोज एक याप्रमाणे सुरू केले होते. गेल्या हिवाळ्यात हातापायांच्या व छातीच्या तीव्र वेदना आणि ताप घेऊन तिला दाखल करावे लागले. ऑक्सिजन, सलाईन, प्रतिजैविके व रक्त देऊन ती सावरली. औषध केव्हापासून बंद आहे, असे विचारल्यावर तिचे वडील शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, पोरीला सहा महिने काहीच दुखलं नाही. तुम्हीच सांगितलं होतं, पेशी वाकडी झाली की दुखतं. दुखत नाही म्हणजे पेशी सरळ झाली. मग गोळी कशाला द्यायची?"

त्यांच्या तर्कात दोष काढण्यासारखे काही नव्हते. आम्ही दिलेल्या माहितीवरून हुशार माणूस ज्या निष्कर्षाला पोहोचेल, त्यालाच ते पोहोचले होते. वेदना नसलेल्या दिवशीही या आजारात रक्तवाहिन्यांच्या आत काय चालू असते, हे आमच्या तक्त्याने त्यांना कधी सांगितलेच नव्हते. यंदाच्या अहवालातील हा लेख त्या राहून गेलेल्या भागाविषयी आहे. देणगीदार व विश्वस्त यांना तो उपयोगी वाटेल अशी आशा आहेच, पण तो प्रामुख्याने रुग्णांच्या घरच्या मंडळींसाठी लिहिला आहे.

आपला जिल्हा आणि हा आजार

सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः बहुधा निरोगी असतो व आयुष्यभर त्याला काही कळतही नाही. भारतात या दोषाचा शोध १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये लागला. महाराष्ट्रात नागपूर येथील शुक्ल व सोलंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातील वाहकांविषयी लिहिले. पुढे विदर्भापासून सातपुड्यापर्यंतच्या पट्ट्यात तो मोठ्या प्रमाणावर आढळला. नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची अशा कितीतरी समाजांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. आपला जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आणि सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले ते १ जुलै २०२३ रोजी, म्हणजे जिल्ह्याला बरोबर पंचवीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी. योगायोग खरा, पण आमच्या लक्षात राहिला आहे.

मूळ दोष अगदी लहान आहे. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढेच. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये हा 'रेणूचा आजार' असल्याचे दाखविले आणि काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. अशा हिमोग्लोबिनमधील प्राणवायू सुटला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब, ताठ दोरे तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. तक्त्यावरचे चित्र इथे संपत असे.

एका सेकंदाचा प्रश्न

या चित्रात एक अडचण होती. ती संशोधकांच्या लक्षात आली, पण आमच्या तक्त्यापर्यंत पोहोचली नाही.

प्राणवायू सुटल्याबरोबर पेशी वाकत नाही. दोरे तयार होण्यास थोडा अवधी लागतो. केशासारख्या सूक्ष्म रक्तवाहिनीतून पेशी पार होण्यास मात्र साधारण एक-दोन सेकंदच लागतात. म्हणजे बहुसंख्य पेशी वाकण्यापूर्वीच त्या अरुंद वाटेतून सुटून पुढे फुप्फुसाकडे निघालेल्या असतात व तेथे त्यांना पुन्हा प्राणवायू मिळतो. असे असेल तर नळी तुंबते कशी? शिवाय सर्व रुग्णांच्या हिमोग्लोबिनमधील दोष एकच असताना एकाला वर्षातून चार वेळा दाखल करावे लागते आणि दुसरा शेतात नांगर धरतो, हे कसे?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील रॉबर्ट हेबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत वाढविलेल्या रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींवर त्यांनी सिकलसेल रुग्णांच्या तांबड्या पेशी सोडल्या आणि नंतर धुऊन काढल्या. निरोगी माणसाच्या पेशी धुतल्यावर निघून जात, तर रुग्णांच्या पेशी अस्तराला चिकटून राहत. ज्या रुग्णाच्या पेशी अधिक चिकट, त्याचा आजारही अधिक तीव्र, असा मेळ त्यांना दिसला. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातील कौल, फॅब्री व नागेल यांनी १९८९ मध्ये पुढचा टप्पा दाखविला. त्यांच्या निरीक्षणानुसार तुंबण्याची सुरुवात केशवाहिनीच्या लगेच पुढे असलेल्या बारीक शिरांमध्ये होते. तेथे काही पेशी भिंतीला चिकटतात, वाट अरुंद होते, आणि मागून येणाऱ्या ताठ, वाकलेल्या पेशी त्या अडथळ्यात अडकत जातात.

चांदसैली घाटातून तळोद्याहून धडगावला जाणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. घाट अरुंद आहे म्हणून रोज वाहतूक बंद पडत नाही. एखादी मालमोटार वळणावर थांबते, तिच्यामागे दुसरी थांबते, आणि मग तासाभराची रांग लागते. चिकटलेली पेशी म्हणजे ती थांबलेली पहिली मालमोटार होय. तिच्यामुळे मागच्या पेशींची चाल मंदावते, वाकण्यास लागणारा तो अवधी त्यांना तेथेच मिळतो, आणि एरवी सुखरूप निसटली असती ती पेशीही वाकते.

पेशीच्या अंगावरची प्रथिने

पेशी चिकटते कशाने? प्रत्येक पेशीच्या बाह्य आवरणावर निरनिराळ्या प्रथिनांचे रेणू बाहेर डोकावत असतात. गवतातून चालताना धोतराला कुसळे लागतात. मात्र काही कापडाला ती लागतात व काहींवरून घसरतात. प्रथिनांचेही तसेच आहे. एका पेशीवरील प्रथिनाला जोड असलेले दुसरे प्रथिन समोरच्या पेशीवर असेल तरच पकड बसते. शरीर याचा उपयोग सतत करीत असते. जखमेकडे पांढऱ्या पेशी धावतात, गर्भात अवयव आपापल्या जागी बसतात, तुटलेली रक्तवाहिनी पुन्हा सांधते, ते सारे याच पकडींच्या जोरावर.

निरोगी, प्रौढ तांबड्या पेशीच्या अंगावर अशी पकड घेणारी प्रथिने फारच थोडी असतात. तिचे काम वाहण्याचे आहे, थांबण्याचे नाही. अस्थिमज्जेत ती तयार होत असताना मात्र तिच्यावर व्हीएलए-४ नावाचे इंटेग्रिन व सीडी-३६ नावाचे प्रथिन असते, कारण मज्जेत तिला धरून ठेवावे लागते. परिपक्व होताना ती प्रथिने गळून जातात. सिकलसेलमध्ये हा क्रम बिघडतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांत फुटते. ही तूट भरून काढण्यासाठी मज्जा घाईघाईने अर्धवट तयार पेशी रक्तात सोडते. त्या कोवळ्या पेशींच्या अंगावर व्हीएलए-४ आणि सीडी-३६ अजून तशीच असतात. दिसायला त्या बहुधा गोलच असतात. तक्त्यावर त्यांना आम्ही 'चांगल्या' पेशींच्या बाजूला काढले असते.

दुसरी बाजू रक्तवाहिनीच्या अस्तराची. शांत अवस्थेत हे अस्तर गुळगुळीत असते. ताप, जंतुसंसर्ग किंवा अन्य दाह झाला की अस्तरपेशी आपल्या पृष्ठभागावर व्हीकॅम-१ नावाचे प्रथिन वाढवितात, आणि व्हीएलए-४ ची जोड नेमकी याच्याशी बसते. फुटलेल्या तांबड्या पेशींतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन रक्तातील नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. अस्तराला शांत ठेवणारा हा वायू कमी पडला की चिकटपणा आणखी वाढतो. याखेरीज पी-सिलेक्टिन नावाचे एक प्रथिन अस्तरपेशींच्या आतील पिशव्यांत साठवून ठेवलेले असते. इशारा मिळताच काही मिनिटांत ते पृष्ठभागावर येते. नव्याने बनविण्याची गरज नसते, तयार माल बाहेर काढावा तसे ते काम चालते.

पी-सिलेक्टिनचे खरे काम पांढऱ्या पेशींना बोलावण्याचे आहे. वेगाने वाहणारी पांढरी पेशी त्याच्या पकडीमुळे मंदावते व अस्तरावरून घरंगळू लागते. मग तिच्या अंगावरील इंटेग्रिने घट्ट पकड घेतात, ती थांबते, आणि अस्तरपेशींच्या सांध्यातून अंग चोरून बाहेरच्या ऊतींत शिरते. एखादा काटा रुतला असता पू होतो तो याच प्रवासामुळे. सिकलसेलमध्ये मात्र काटा नसतानाही बोलावणे जात राहते. थांबलेल्या पांढऱ्या पेशींच्या अंगाला तांबड्या पेशी चिकटतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांत प्रत्यक्ष पाहिले गेले आहे. म्हणूनच ज्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशींची संख्या सतत जास्त असते, त्याच्याबद्दल आम्हांला अधिक काळजी वाटते.

'गारठा लागू देऊ नका, पाणी भरपूर पाजा, ताप आला तर त्याच दिवशी आणा' असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. त्यामागचे कारण आता नीट सांगता येते. तोरणमाळ किंवा डाबच्या बाजूला पौष महिन्यात दव गोठते. त्या थंडीत त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्ताची चाल मंदावते आणि चिकटण्यास वेळ मिळतो. ऊसतोडीच्या फडात दिवसभर पाणी न पिता काम केले की पेशीतील पाणी कमी होते. हिमोग्लोबिनची दाटी थोडीशी वाढली तरी दोरे तयार होण्याचा अवधी कितीतरी पटींनी घटतो. आणि ताप आला की अस्तरच चिकट होते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या तर काय होते, हे आमच्या वॉर्डात दर हिवाळ्यात दिसते.

येथे थोडे विषयांतर करून हिवतापाविषयी सांगावेसे वाटते, कारण तोही आपल्या भागाचा जुना सोबती आहे. मेंदूपर्यंत जाणारा जो घातक हिवताप, त्याचा जंतू तांबड्या पेशीत शिरल्यावर तिच्या पृष्ठभागावर स्वतःचे एक चिकट प्रथिन आणून बसवितो. त्यायोगे ती पेशी सीडी-३६ व इतर प्रथिनांना धरून रक्तवाहिनीच्या भिंतीशी लपून राहते व प्लीहेच्या तावडीतून वाचते. सिकलसेल वाहकाच्या पेशीत मात्र जंतूला आपले प्रथिन पृष्ठभागावर नीट मांडता येत नाही आणि पकड सैल राहते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हिवतापाच्या प्रदेशात वाहक माणसे अधिक तगली व हा दोष टिकून राहिला, याचे एक कारण हेही असावे. दोषाची एक प्रत चिकटपणा कमी करून जीव वाचविते आणि दोन प्रती चिकटपणा वाढवून जीव घेतात. सातपुड्याच्या एकाच घरात हे दोन्ही आम्ही पाहिले आहे. 'आमच्या रक्तात खोट आहे' असे मान खाली घालून सांगणाऱ्या आईवडिलांना आम्ही ही गोष्ट आवर्जून सांगतो.

न दुखणारा भाग

रक्तवाहिनी तुंबली की तिच्या पलीकडील ऊतींना प्राणवायू मिळत नाही. हाडात, छातीत, पोटात हे घडले तर प्रचंड वेदना होतात. डोळ्यातील दृष्टिपटलाच्या कडेला घडले तर काहीच दुखत नाही. तेथे मात्र वेगळीच प्रक्रिया सुरू होते.

प्राणवायूला आसुसलेल्या ऊती व्हीईजीएफ नावाचे प्रथिन बाहेर सोडतात. नव्या रक्तवाहिन्या वाढविण्याचा तो निरोप असतो. जवळच्या रक्तवाहिनीतील अस्तरपेशींच्या पृष्ठभागावर हा निरोप घेणारी प्रथिने असतात. निरोप मिळाला की शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट बांधणारे सांधे सैल होतात. एक पेशी पुढारी बनून बाहेर पडते आणि इंटेग्रिनांच्या साहाय्याने सभोवतालच्या जाळ्याला धरत धरत निरोपाच्या दिशेने सरकू लागते. मागच्या पेशी विभागून तिच्यामागे नळी तयार करतात. वेलीचा शेंडा काठीला धरून चढतो, तशी ही वाढ होते. म्हणजे चिकटणे, सरकणे आणि वाढणे ही कामे मुळात एकाच जातीच्या प्रथिनांची आहेत. जखम भरताना किंवा वारेची वाढ होताना हीच प्रक्रिया उपकारक ठरते. कर्करोगाची गाठ तिचाच आधार घेते, ही कल्पना ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली तेव्हा अनेकांना ती पटली नव्हती.

दृष्टिपटलावरील या नव्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात. समुद्रातील पंख्याच्या आकाराच्या प्रवाळासारखा त्यांचा झुपका दिसतो. मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्येच या विकाराच्या पाच पायऱ्या सांगितल्या. झुपका ही तिसरी पायरी. चौथ्या पायरीवर त्यातून डोळ्यात रक्तस्राव होतो आणि पाचव्या पायरीवर दृष्टिपटल सुटते. तिसऱ्या पायरीपर्यंत रुग्णाला अक्षरे स्वच्छ दिसत असतात. काही झुपके आपोआप सुकूनही जातात, पण कोणता सुकेल हे आधी सांगता येत नाही. वेळीच लक्षात आले तर लेझरने उपचार करता येतात.

हा विकार हिमोग्लोबिन एस व सी एकत्र असलेल्या रुग्णांत अधिक आढळतो, आणि ते आपल्या भागात क्वचितच असतात. दोन्ही प्रती एसच्या असलेल्या आपल्याकडील रुग्णांत तो तुलनेने कमी आहे. परंतु कमी असलेला आजार कोणी तपासलाच नाही तर नेमका ज्याला होतो त्याची दृष्टी जाते. वयाच्या दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासावे, अशी शिफारस आहे. आपल्याकडे पालक याला सहसा तयार होत नाहीत. पोराला दिसत आहे, मग थेंब टाकून दिवसभर अंधुक कशाला करायचे, हा प्रश्न पुन्हा त्याच तर्कातून येतो. ज्यांच्या देणग्यांतून दृष्टिपटल तपासणीचे उपकरण घेता आले, त्यांना सांगावेसे वाटते की ते उपकरण ज्यांच्यासाठी सर्वाधिक उपयोगी आहे, ते रुग्ण डोळ्यांची तक्रार घेऊन कधी येतच नाहीत.

रोजच्या गोळीचे काम

हायड्रॉक्सीयुरिया हे मुळात कर्करोगावरील जुने औषध. सिकलसेलमधील त्याचा मोठा अभ्यास अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध घेणाऱ्या प्रौढ रुग्णांना वर्षातून येणारे वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन, ज्यास एफ म्हणतात, ते या औषधाने वाढते व दोरे तयार होण्यास अडथळा येतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते व ते बरोबरही आहे. परंतु एफ वाढण्यास महिने लागतात. काही रुग्णांना त्याआधीच बरे वाटू लागते. शोध घेता असे आढळले की हे औषध सुरू केल्यावर कोवळ्या तांबड्या पेशींवरील व्हीएलए-४ व सीडी-३६ कमी होतात आणि पांढऱ्या पेशींची संख्याही उतरते. म्हणजे पेशी सरळ करण्याच्या आधी हे औषध तिचा चिकटपणा कमी करते. मज्जा रोज नव्या पेशी तयार करते, म्हणून औषधही रोज घ्यावे लागते. बंद केल्यावर काही आठवड्यांत रक्तात पुन्हा चिकट पेशींचा भरणा होतो, आणि त्या वेळी रुग्णाला काहीही जाणवत नाही.

आपल्या भागातील अनेक रुग्णांत एफ हे मुळातच थोडे अधिक असते. 'अरबी-भारतीय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जनुकीय घडणीचे ते वैशिष्ट्य आहे. त्यावरून 'आपला सिकलसेल सौम्य' असे म्हणण्याची पद्धत पडली. आम्हीही तसे म्हटले आहे. वॉर्डातील खाटा पाहिल्या तर हे वाक्य सर्वांना लागू करण्याचे धैर्य होत नाही.

या औषधाबद्दलची भीती अगदीच निराधार नाही. पांढऱ्या पेशी फार उतरू शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी आवश्यक असते. गरोदरपणात ते घेऊ नये. हिवतापाच्या प्रदेशात ते सुरक्षित आहे काय, ही शंका मोठी होती. अंगोला, काँगो, केनिया व युगांडा येथील मुलांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध सुरू केल्यानंतर वेदनेचे झटके, रक्त देण्याची गरज आणि मृत्यू तर घटलेच, पण हिवतापाचे प्रमाणही घटले. नर्मदाकाठच्या पाड्यांवर औषध देताना आम्हांला या अभ्यासाचा मोठा आधार वाटतो.

चिकटपणावर थेट घाव घालणारे औषधही निघाले. क्रिझानलिझुमॅब हे प्रतिपिंड पी-सिलेक्टिनला झाकून टाकते. पहिल्या अभ्यासात झटके सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने त्यास मान्यता दिली. पुढील मोठ्या अभ्यासात मात्र ते निष्क्रिय औषधाहून सरस ठरले नाही, आणि २०२३ मध्ये युरोपने आपली मान्यता काढून घेतली. एक पकड सोडविली तरी दुसऱ्या पकडी शिल्लक राहतात, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची किंमत व त्यासाठी लागणारी व्यवस्था पाहता आज नंदुरबारच्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही. अशा बातम्या वाचून काही देणगीदार आम्हांला विचारणा करतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले. तूर्त आपल्या हाती असलेले सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे ती स्वस्त कॅप्सूल आणि तिच्यासोबतची रक्ततपासणी. नव्या खाटांसाठी देणगी मिळणे सोपे असते व तपासणीच्या रसायनांसाठी अवघड. विश्वस्त मंडळाने याचा विचार करावा, अशी विनंती आम्ही केली आहे.

नवा तक्ता आमच्या परिचारिकांनी काढला आहे. त्यात गोल पेशीही भिंतीला चिकटलेल्या दाखविल्या आहेत, आणि चित्राच्या खाली दुखण्याचा दिवस व न दुखण्याचा दिवस असे दोन चौकोन असून दोन्हींत गोळी काढलेली आहे.

खरी अडचण दिवाळीनंतर येते. ऊसतोडीच्या टोळ्या सुरत-बारडोलीकडे निघतात आणि रुग्ण चार-पाच महिने आपल्या नजरेआड होतात. रक्ततपासणीशिवाय इतक्या महिन्यांचे औषध हाती देणे आम्हांला योग्य वाटत नाही. न दिले तर ते बंद पडणार हेही ठाऊक असते. यंदापासून आम्ही दोन महिन्यांचे औषध आणि मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांतील एक चिठ्ठी सोबत देतो. आजाराचे नाव, औषधाची मात्रा, शेवटच्या तपासणीतील पेशींची संख्या, पुढील तपासणी कोणत्या तारखेपूर्वी करावी, आणि ताप किंवा छातीत दुखणे असल्यास प्रथम ऑक्सिजनचे प्रमाण पाहावे, एवढा मजकूर त्यात असतो. त्या भागातील कोणत्याही दवाखान्यात ती दाखवावी, अशी अपेक्षा आहे.

अक्राणीच्या त्या मुलीच्या वडिलांनी चिठ्ठी घेतली, घडी करून कॅप्सूलच्या डबीत ठेवली आणि आणखी एक मागितली. त्यांच्या भावाचा मुलगा याच टोळीत जातो व त्याचेही गुडघे थंडीत सुजतात, असे ते म्हणाले. त्या मुलाची चाचणी अद्याप झालेली नाही. होळीला टोळी परतेल, तेव्हा त्याला घेऊन येण्याचे त्यांनी कबूल केले आहे.